गाडीसोबत आलेली बॅटरी : बदलण्याआधी तपासा

आज आपण गाडीच्या बॅटरीबद्दल बोलणार आहोत. आता बऱ्याच गटांकडे माल न्यायला छोटा टेम्पो असतो, कुणाच्या घरी जीप किंवा कार असते. पहाटे भाजी बाजाराला न्यायची आणि गाडी चालूच झाली नाही, तर त्या दिवसाची कमाई बुडते. रात्री अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं असेल, तर प्रश्न पैशांचाही राहत नाही.

“गाडी घेऊन दोन वर्षं झाली नाहीत, तोच कंपनीची बॅटरी बसली,” ही तक्रार गावात ऐकू येते तशी शहरातही येते. मीरा रोडला पूनम सागरसारख्या वसाहतीत आपले नातेवाईक राहतात. तिथली बरीच माणसं रोज लोकलने कामाला जातात आणि गाडी आठवडाभर इमारतीखाली उभी असते. रविवारी चावी फिरवली की नुसतं टक-टक वाजतं. आपला टेम्पोही एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत उभाच असतो. म्हणजे दुखणं एकच.

हे का होतं? बॅटरी म्हणजे विजेचा हंडा समजा. सेल्फ मारला की त्यातून एकदम मोठा उपसा होतो. मग गाडी धावताना इंजिनावर चालणारा अल्टरनेटर तो हंडा हळूहळू भरतो. गाडी फक्त पाच-दहा मिनिटं फिरवली, तर उपसलेलं भरून येत नाही. उभ्या गाडीतही घड्याळ, लॉकचा अलार्म, मागाहून बसवलेलं जीपीएस थोडी थोडी वीज खात राहतात. बॅटरी बरेच दिवस रिकामी राहिली, की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. पाण्याच्या भांड्याला क्षार चढतात तसाच. थर ताजा असेल तर चार्जिंगने जातो, जुना झाला की कडक होतो. मग ती बॅटरी कितीही चार्ज केली तरी पूर्ण भरत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्याने तिचं आयुष्य आणखी घटतं. साधारण तीन ते पाच वर्षं चालली, तर बॅटरीने आपलं काम केलं असं समजावं.

आता “कंपनीची बॅटरी” म्हणजे काय ते पाहू. गाडी बनवणारी कंपनी सहसा बॅटरी स्वतः बनवत नाही, बॅटरीवाल्या कंपनीकडून घेऊन बसवते. शिवाय नवी गाडी विकली जाईपर्यंत कधी कधी काही महिने आवारात उभी असते. तेवढा काळ बॅटरी चार्ज केली नसेल, तर ती आपल्या हाती येते तेव्हाच थकलेली असते. म्हणून गाडी ताब्यात घेताना बॅटरीवरचा नंबर आणि बनवल्याचा महिना पाहा, त्याचा फोटो काढून ठेवा. महिना फार जुना असेल, तर बॅटरी तपासून द्या, असं तिथेच सांगा.

बॅटरी बसली की कुणीतरी लगेच म्हणतं, “नवी टाका.” थांबा. आधी तीन गोष्टी बघा.

एक, टर्मिनल. त्यावर पांढरी-हिरवी पूड साचली असेल किंवा पकड ढिली असेल, तर चांगली बॅटरीही गाडी चालू करू शकत नाही. मेकॅनिककडून साफ करून घट्ट करून घ्या.

दोन, गाडी रात्रभर बंद राहिल्यावर मीटर लावायला सांगा. भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ किंवा त्याखाली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. रिकामी म्हणजे खराब असं मात्र नाही. पूर्ण चार्ज करून लोड टेस्ट करा, म्हणजे खरं कळेल.

तीन, इंजिन चालू असताना मीटर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दाखवायला हवं. ते बाराच्या आसपासच राहिलं, तर दोष बहुधा अल्टरनेटरचा किंवा वायरिंगचा आहे. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही बसेल.

बॅटरीच खराब निघाली, तर वॉरंटी कार्ड काढा. बहुतेक वेळा बॅटरीची वॉरंटी गाडीपेक्षा वेगळी आणि कमी मुदतीची असते. कार्डात दोन शब्द शोधा. ‘फ्री रिप्लेसमेंट’ असेल त्या मुदतीत बॅटरी फुकट बदलून मिळते. ‘प्रो-राटा’च्या मुदतीत नव्या बॅटरीवर फक्त सूट मिळते. बदलून मिळालेल्या बॅटरीला अनेकदा जुन्या वॉरंटीचे उरलेले महिनेच लागू होतात, हेही विचारून घ्या. बाहेरून जादा लाइट, मोठा हॉर्न जोडला असेल, तर त्यावर बोट ठेवून दावा नाकारला जाऊ शकतो.

दावा नाकारला, तर कारण लेखी मागा आणि तपासणीचा कागद घ्या. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथे भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुंबईला जावं लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. “गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही,” असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. स्वतः काम करून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू कायदा व्यापारी कामात धरत नाही.

थोडं काळजीचं. बॅटरीत तेजाब असतं आणि चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो. जवळ काडी, बिडी नको. तेजाब अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेलं तर धुऊन लगेच दवाखाना गाठा. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. जुनी बॅटरी अंगणात फोडू देऊ नका, शिसं लहान मुलांना फार बाधतं. ती दुकानदाराला परत द्या, नव्या बॅटरीच्या किमतीत तिचे पैसे वळते करून मागा.

आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास रस्त्यावर फिरवा.

पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान गाडीच्या बॅटरीसाठी ठेवा. बॅटरीचा नंबर, बसवल्याची तारीख, वॉरंटी संपण्याची तारीख आणि प्रत्येक तपासणीचं मीटर तिथे लिहा. शोरूममध्ये बोलायला उभ्या राहाल तेव्हा ते पान सोबत न्या.