‘राझी’, ‘विक्रांत’ आणि ‘गाझी’: पडद्यावरची कथा व नौदलाची नोंद

मेघना गुलजार दिग्दर्शित ‘राझी’ हा हेरपट ११ मे २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि तेव्हापासून एक विधान इतक्या ठामपणे केले जाऊ लागले की ते पाठ्यपुस्तकात छापलेले असावे, असे ऐकणाऱ्याला वाटावे. १९७१च्या युद्धाच्या तोंडावर पाकिस्तानी लष्करी कुटुंबात सून म्हणून गेलेल्या एका काश्मिरी तरुणीने धाडलेल्या संदेशामुळे ‘आयएनएस विक्रांत’ ही विमानवाहू नौका वाचली आणि तिच्या मागावर आलेल्या ‘गाझी’ या पाकिस्तानी पाणबुडीला जलसमाधी मिळाली, असे ते विधान आहे. चित्रपट उत्तम आहे आणि १९७१चे युद्धही खरे आहे. परंतु या दोहोंना जोडणारा जो दुवा प्रेक्षक गृहीत धरतात, त्याला आजवर प्रसिद्ध झालेल्या नौदलाच्या इतिहासात आधार सापडत नाही.

चित्रपटाचे कथानक असे: दिल्लीत शिकणारी सेहमत (आलिया भट) मरणपंथाला लागलेल्या वडिलांच्या इच्छेखातर त्यांचे हेरगिरीचे काम पुढे चालवण्यास तयार होते, ब्रिगेडियर सय्यद यांच्या धाकट्या मुलाशी, इक्बालशी (विकी कौशल), विवाह करून पाकिस्तानात जाते आणि ‘विक्रांत’वर पाणबुडीचा हल्ला होणार असल्याची माहिती सांकेतिक संदेशांतून भारतात पोहोचवते. हे सारे हरिंदर सिक्का यांच्या ‘कॉलिंग सेहमत’ या २००८च्या कादंबरीवर आधारित आहे. सिक्का हे नौदलातील निवृत्त अधिकारी असून, कारगिल युद्धाच्या काळात एका लष्करी अधिकाऱ्याकडून त्याच्या आईची हकिकत कळली आणि त्यातून कादंबरी उभी राहिली, असे ते सांगत आले आहेत. अशी स्त्री होऊन गेली असणे अशक्य नाही, आणि हेरांची नावे गुप्त राहतात हेही खरेच. पण नाव गुप्त असणे हा पुरावा नव्हे, आणि मधल्या व्यक्तीकडून ऐकलेल्या हकिकतीवर बेतलेली कादंबरी व तिच्यावर बेतलेली पटकथा यांना अस्सल कागदपत्रांचे मोल येऊ शकत नाही. सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्राचा दाखला देणाऱ्यांनी तर हे ध्यानात घ्यावे की ते प्रमाणपत्र चित्रपट सार्वजनिकरीत्या दाखवण्यास योग्य आहे एवढेच सांगते. त्यातील इतिहास कोणी पडताळलेला नसतो.

मग नौदलाची नोंद काय सांगते? ‘गाझी’ ही मूळची अमेरिकी नौदलाची ‘डायब्लो’ नावाची पाणबुडी. १९६४ मध्ये ती पाकिस्तानकडे आली आणि कराचीहून भारताला वळसा घालून बंगालच्या उपसागरापर्यंत जाण्याचा पल्ला त्या काळी पाकिस्तानच्या ताफ्यात तिच्याच अंगी होता. नोव्हेंबर १९७१ मध्ये ती कराचीहून निघाली. पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांनी ‘अ सेलर्स स्टोरी’ या आत्मचरित्रात लिहिल्यानुसार, भारताने टिपलेल्या एका बिनतारी संदेशात चितगावच्या नौदल अधिकाऱ्यांकडे एका विशिष्ट वंगणतेलाची चौकशी केलेली होती. हे तेल केवळ पाणबुड्या आणि सुरुंग काढणारी जहाजे वापरत असल्याने उपसागरात पाणबुडी येत आहे, हा निष्कर्ष निघाला. हा शोध कोणा ब्रिगेडियरच्या घरात लागलेला नाही. तो बिनतारी यंत्रापुढे बसून परक्याचे संदेश टिपणाऱ्या माणसांनी लावला.

त्यानंतरचा डाव तर कोणत्याही पटकथेहून सरस आहे. बॉयलरला तडा गेल्याने वेग मंदावलेली ‘विक्रांत’ अंदमानच्या आसऱ्याला धाडण्यात आली आणि ‘राजपूत’ या दुसऱ्या महायुद्धातील जुन्या विनाशिकेने, म्हणजे ताफ्याच्या संरक्षणासाठी बांधलेल्या वेगवान युद्धनौकेने, तिचे सोंग घेतले. एवढ्या मोठ्या जहाजाला शोभेल इतकी बिनतारी संदेशांची वर्दळ मुद्दाम सुरू ठेवली गेली. विशाखापट्टणमच्या ठेकेदारांकडे मांस आणि भाजीपाल्याची भरघोस मागणी नोंदवली गेली, जेणेकरून गावातला हेर ती बातमी पुढे कळवील. शिवाय ‘विक्रांत’वरील एका खलाशाच्या आईची प्रकृती गंभीर असून तो तिची विचारपूस करत आहे, असा साधा, सांकेतिक भाषेत नसलेला संदेशही सोडला गेला. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री ‘गाझी’ विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली, तेव्हा ‘विक्रांत’ तिथून शेकडो मैल दूर होती आणि ४ डिसेंबरलाच तिची विमाने कॉक्स बझार व चितगाववर हल्ले चढवत होती.

‘गाझी’ नेमकी कशाने बुडाली, याबद्दल मात्र खरा मतभेद आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. बंदरातून बाहेर पडताना ‘राजपूत’ने ‘डेप्थ चार्ज’, म्हणजे पाण्याखाली ठरावीक खोलीवर फुटणारी स्फोटके, टाकली आणि त्यांनी पाणबुडी बुडाली, असा भारतीय नौदलाचा दावा आहे. तर स्वतःच पेरत असलेल्या पाणसुरुंगांचा किंवा पाणबुडीच्या पोटातील स्फोट होऊन ती बुडाली, असे पाकिस्तानी बाजू सांगते. व्हाइस अॅडमिरल जी. एम. हिरानंदानी यांच्या ‘ट्रान्झिशन टू ट्रायम्फ’ या नौदल-इतिहासातही या प्रश्नाची चर्चा आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की यांतील कोणत्याही मांडणीत सेहमतचे पात्र लागत नाही. तिला हे श्रेय देताना कृष्णन यांची योजकता, ‘राजपूत’वरील खलाशांचे धाडस आणि संदेश टिपणाऱ्यांची चिकाटी यांवर आपण बोळा फिरवतो, हे वारंवार सांगूनही कोणाला खटकत नाही, याचा खेद वाटतो.

लहानसहान गैरसमज आणखी आहेत. ‘रॉ’ ही भारताची परदेशविषयक गुप्तचर संस्था १९७१च्या युद्धानंतर स्थापन झाली, असे नाही, ती १९६८ची. सेहमतला घडवणारा खालिद मीर (जयदीप अहलावत) हा ‘रॉ’च्या इतिहासातील कोणी नामवंत अधिकारी नव्हे, ते कथेतील पात्र आहे. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ म्हणजे १९७१ची दुरुस्त केलेली नौका, हेही चूक. जुनी नौका १९९७ मध्ये सेवामुक्त झाली, पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये भंगारात काढली गेली.

राहिला एक आक्षेप, तो म्हणजे चित्रपट पाकिस्तानविषयी मवाळ आहे. समीक्षकांनी ज्या गुणाचे सर्वाधिक कौतुक केले, तोच येथे दोष ठरवला जातो. सय्यद कुटुंब खलनायकांचे नाही. सासरे मायाळू आहेत, थोरली जाऊ मुनिरा (अमृता खानविलकर) आपुलकीने वागते, इक्बाल पत्नीला तिचा अवकाश देतो, आणि म्हणूनच सेहमतच्या प्रत्येक कृत्याची किंमत प्रेक्षकाला जाणवते. शाळेच्या कार्यक्रमात मुलांकडून बसवून घेतलेले देशभक्तीचे गाणे ती गाते, तेव्हा समोरच्या पाकिस्तानी श्रोत्यांच्या मनात एक देश असतो आणि तिच्या मनात दुसरा. दिग्दर्शिकेने कुठलेही भाषण न घालता हे एकाच प्रसंगात दाखवले आहे. अल्प प्रशिक्षणानंतर एक विद्यार्थिनी लष्करी घरात इतक्या सहजपणे वावरते, हे न पटणारे आहे, ही टीका मात्र रास्त आहे. २०१९च्या फिल्मफेअर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री यांसह पाच पुरस्कार ‘राझी’ला मिळाले, ते कथाचित्रपट म्हणून मिळाले.