"समजलं ना?" "हो, समजलं"

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचा हा संवाद डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही पाठ असतो. आजोबा मान डोलावतात, मुलगा बोट ठेवतो तिथे सही करतात. डॉक्टरांना तोंडावर 'नाही समजलं' म्हणायला आपल्याकडे धीर लागतो. त्यात बाहेर रांग ताटकळलेली.

म्हणून समजून सांगण्याची कळकळ असलेले डॉक्टर आणि काउन्सेलर वेगळं विचारतात : "आजोबा, घरी गेल्यावर आजींना काय सांगाल, डोळ्याचं काय करणार आहेत म्हणून?" याला 'टीच-बॅक' म्हणतात. मग खरं काय ते बाहेर येतं. 'लेझरनं मोतीबिंदू जाळणार.' (मोतीबिंदूच्या 'फेको' शस्त्रक्रियेत गढूळ भिंग ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेतात आणि कृत्रिम भिंग बसवतात.) 'चष्मा कायमचा सुटणार.' (साधं भिंग बसवलं, तर वाचायला तो बहुधा लागतोच.) यात परीक्षा पेशंटची नसते, समजावणाऱ्याची असते. उत्तर चुकलं, तर दुसऱ्या शब्दांत सांगायचं आणि पुन्हा विचारायचं. 'डोळा लाल झाला, दुखला, अंधुक दिसायला लागलं तर काय कराल?' याचं उत्तर 'त्याच दिवशी येईन' असंच यायला हवं. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झालाच तर नजर जाऊ शकते.

सगळ्यात मोठी गफलत काचबिंदूत होते. शेजारच्या काकांना मोतीबिंदूनंतर लख्ख दिसू लागलेलं असतं, तेव्हा आपल्यालाही दिसेल असं पेशंट धरून चालतो. काचबिंदूचं ऑपरेशन डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी, उरलेली नजर राखण्यासाठी असतं; गेलेली परत येत नाही. हे पेशंटच्या तोंडून वदवून घेतलं नाही, तर नीट झालेलं ऑपरेशनही घरच्यांना फसलेलं वाटतं.

पेशंटच्या संमतीबद्दलच्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलं, की उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि नकार दिल्यास काय होईल, एवढं पेशंटला कळलं पाहिजे. संमतीच्या कागदावर हे सगळं असतं. पण तो कागद अनेकदा बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर हातात येतो, तेव्हा अक्षरंच पुसट दिसतात!

आईला तपासायला नेलंत, तर थेंब घालण्याआधी फॉर्म मागून घ्या, तिला मोठ्याने वाचून दाखवा. डोळा तिचा आहे, सहीही तिलाच ठरवू द्या.