धावपट्टी 27 : विमानं बघणाऱ्यांचं सांताक्रूझ

कुर्ला-अंधेरी रस्त्यावर जरीमरीच्या आसपास विमानं इतकी खाली येतात की त्यांच्या पोटाखालची चाकं मोजता येतात. दोन्ही बाजूंच्या मुख्य चाकांच्या संचात सहा-सहा चाकं दिसली तर ते बहुधा बोइंग 777. इंजिनाची मागची कड करवतीसारखी दातेरी आणि पंखांची टोकं मागे निमुळती होत गेलेली असतील तर 787. वैमानिकाच्या खिडक्यांभोवती काळी पट्टी असेल तर बहुधा एअरबस ए-350. इंजिनाचं तोंड खालच्या बाजूने थोडं चपटं असेल तर बोइंग 737. विमानं बघण्याचा छंद असलेल्यांना, म्हणजे स्पॉटर मंडळींना, ही ओळख पटायला दोन-तीन सेकंद पुरतात. मग नजर जाते नोंदणी क्रमांकाकडे. भारतीय विमानांवर तो 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होतो. गाडीच्या नंबरप्लेटसारखाच तो प्रत्येक विमानाचा वेगळा असतो, आणि तो टिपला की नोंद पक्की होते.

विमान वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरतं. मुंबईत वर्षाचा बराच काळ वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. म्हणून विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून येऊन पश्चिमेकडे तोंड करून टेकतात. या दिशेचा होकायंत्रावरचा कोन साधारण 270 अंशांचा, म्हणून धावपट्टीचं नाव 27. तीच पट्टी उलट दिशेने वापरली की ती 09 होते. तिची लांबी सुमारे साडेतीन किलोमीटर आहे. दुसरी धावपट्टी, 14/32, हिला मध्येच छेदून जाते. त्यामुळे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि सगळा भार एका वेळी एकाच पट्टीवर पडतो. तरीही 8 डिसेंबर 2018 रोजी इथे चोवीस तासांत 1,007 उड्डाणं आणि अवतरणं झाली. म्हणजे सरासरी दर दीड मिनिटाच्या आत एक विमान. हे काम धावपट्टीशेजारी उभं राहून बघितलं की नियंत्रण मनोऱ्यातल्या माणसांविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

या शहराची विमानांशी ओळख मात्र सांताक्रूझला नव्हे, जुहूला झाली. तिथलं विमानतळ 1928 मध्ये सुरू झालं. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एका इंजिनाचं पुस मॉथ विमान घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. सोबत होती टपाल. इथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट ती मद्रासकडे घेऊन गेले. एअर इंडियाचा जन्म या फेरीतून झाला. जुहूची जमीन पावसाळ्यात चिखलाने भरायची, म्हणून तेवढे महिने कारभार पुण्याला हलवावा लागे. या फेरीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, 1982 मध्ये, 78 वर्षांच्या जे. आर. डीं.नी लेपर्ड मॉथ विमानातून तोच प्रवास पुन्हा केला आणि जुहूलाच उतरले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने वापरलेलं सांताक्रूझ पुढे नागरी विमानतळ झालं. एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान 8 जून 1948 रोजी मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनकडे निघालं. परदेशी वैमानिकांना मात्र जुहू आणि सांताक्रूझ यांनी पुढेही चकवलं. समुद्राकडून येताना आधी जुहू लागतं आणि तिथल्या पट्टीची दिशाही जवळपास तीच. 1953 मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट आणि 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-8, अशी दोन मोठी जेट विमानं जुहूच्या तोकड्या पट्टीवर चुकून उतरली. कॉमेट काही दिवसांनी तिथूनच उडवून नेता आलं, डीसी-8 मात्र कायमचं निकामी झालं.

1971 मध्ये एअर इंडियाचं पहिलं जंबो, म्हणजे बोइंग 747, 'एम्परर अशोक' आलं. 1 जानेवारी 1978 च्या रात्री तेच विमान उड्डाणानंतर लगेच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं आणि त्यातले 213 जण गेले. जंबोचं पर्व संपलं ते 22 एप्रिल 2024 रोजी. एअर इंडियाच्या 747 ने मुंबईहून अमेरिकेकडे शेवटची झेप घेतली आणि वर जाताना दोन्ही बाजूंना झुकून पंखांनी निरोप दिला. तो क्षण स्पॉटरांनी कॅमेऱ्यात टिपला.

आता विमान कुठून आलं हे मोबाइलवर कळतं, कारण बहुतेक विमानं आपली जागा आणि उंची रेडिओ लहरींवरून सतत सांगत असतात. पण पावसाळ्यात दमट हवेमुळे पंखांवर जमणारा पांढरा बाष्पाचा पडदा, ओल्या पट्टीवर उडणारे फवारे आणि कोरड्या दिवशी टेकताक्षणी टायरमधून उठणारा धूर हे डोळ्यांनीच बघायचं असतं. या छंदाची खरी कमाई म्हणजे नोंदी. कोणतं विमान कधी आलं, कोणत्या रंगात आलं, कधी निवृत्त झालं, हा शहराचा इतिहास ही माणसं स्वतःच्या खर्चाने आणि वेळेने जपतात.

त्यांना हवी आहे एक अधिकृत जागा. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथली बंधनं समजण्यासारखी आहेत आणि ती पाळलीच पाहिजेत. मुंबईतही आज गच्ची, नाहीतर रस्त्याची कडा गाठावी लागते आणि सुरक्षारक्षकाने हटकलं तर निमूट निघावं लागतं. टोकियोच्या हानेदा विमानतळावर प्रेक्षकांसाठी खुल्या गच्च्या आहेत, मँचेस्टरला धावपट्टीलगत खास उद्यान आहे आणि तिथे कॉन्कॉर्ड ठेवलेलं आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं, त्याचे पुढचे टप्पे अजून व्हायचे आहेत. त्या आराखड्यात एक प्रेक्षक-गच्ची धरावी. तपासणी कडक ठेवा, तिकीट लावा, पण शाळेतल्या मुलांना विमान उतरताना जवळून बघू द्या. उद्याचे वैमानिक आणि अभियंते त्यांच्यातूनच येणार आहेत.