दोन्ही नांगर न चालणारे बंदर

आपल्या भाषेत नांगर दोन आहेत. एक शेतात चालतो आणि दुसरा गलबतावरून पाण्यात सोडतात. दक्षिण पॅसिफिक महासागरात नियुए नावाचे एक बेट आहे, तिथे या दोन्ही नांगरांचे फारसे काही चालत नाही. जमीन सगळी प्रवाळाच्या खडकाची. फाळ घालावा तर दगडाला लागतो. आणि किनाऱ्यालगतच समुद्र इतका खोल, की नांगर सोडला तर तो धरत नाही, धरलाच तर प्रवाळाच्या कपारीत असा अडकतो की निघता निघत नाही. तरीही दरवर्षी मे ते ऑक्टोबर या काळात जगाच्या सफरीवर निघालेल्या शिडाच्या लहान नौका येथे मुक्काम करतात. पुष्कळदा नौकेवर माणसे दोनच असतात. नवरा आणि बायको.

रारोटोंगा बेट सोडल्यावर हजारभर किलोमीटर नुसते पाणी. पाच-सहा दिवस आळीपाळीने जागायचे. एकाने सुकाणू सांभाळायचे, दुसऱ्याने झोपायचे. मग समोर उंच कड्यांचे बेट दिसते. वाळूची लांबरुंद पुळण नाही, खाडी नाही. अलोफी हे मुख्य गाव पश्चिम किनाऱ्यावर आहे. त्याच्यासमोर उघड्या समुद्रात बोये तरंगत असतात, त्यांपैकी एकाला नौका बांधायची. हेच इथले बंदर.

खरी गंमत पुढे आहे. धक्क्याला होडी बांधून ठेवता येत नाही, कारण लाटांचा चढउतार सारखा चालू असतो आणि होडी आपटून फुटेल. म्हणून धक्क्यावर एक विजेची यारी आहे. बाईने वेळ साधून ओल्या पायऱ्यांवर उडी घ्यायची, वर जाऊन यारीचा आकडा खाली सोडायचा. बुवांनी होडीला बांधलेले दोरांचे शिंके त्या आकड्यात अडकवून स्वतः वर यायचे, की होडी दह्याच्या गाडग्यासारखी अधांतरी लटकत धक्क्यावर येते. उडी लाटेबरोबर घ्यायची, लाटेविरुद्ध नाही. बैलजोडीत एक पुढे आणि एक मागे राहिला तर जू वाकडे होते, तसेच हे काम आहे. इथे भांडून आलेल्या जोडप्याची पंचाईत होत असणार!

मालवाहू जहाजाचीही तीच तऱ्हा. ऑकलंडहून येणारे जहाज बाहेरच उभे राहते आणि माल तराफ्यावरून धक्क्याला आणून यारीने उचलतात.

आता आमच्या खात्याशी संबंधित गोष्ट सांगतो. पाहुण्यांना बेटावर मोकळे फिरू देण्याआधी जकात आणि पारपत्राच्या अधिकाऱ्यांबरोबरच पीकसंरक्षणाचा अधिकारीही चौकशी करतो. नौकेवर फळे कोणती, भाजी कोणती, मांस, मध, रोपे, बियाणे आहे काय? समुद्रावर सहा दिवस जपून ठेवलेली चार संत्री कुणी काढून मागितली तर राग येणारच. पण त्या अधिकाऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. १९०९-१० च्या सुमारास सिलोनहून आणलेल्या रबराच्या रोपांबरोबर गेंडा भुंगा सामोआत शिरला आणि तिथून पॅसिफिकच्या माडांमागे लागला. आपल्या कोकणातल्या बागायतदारांना या भुंग्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. पुढे १९९३ मध्ये त्याच सामोआत अळूच्या पानांवर करपा आला. तिथे अळू म्हणजे चवीपुरती भाजी नव्हे, त्याचा कंद हीच त्यांची भाकरी आणि परदेशी विकायचा मालही तोच. वर्षभरात तो व्यापार बसला. नियुए सामोआपासून पाचशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. शिडाच्या नौकेला तीन-चार दिवसांची वाट.

नियुएचे लोकही अळूवरच जगतात आणि न्यूझीलंडला अळूच पाठवतात. आपल्याकडे अळू म्हटले की न्हाणीच्या सांडपाण्याची जागा. तिथे मात्र एकही नदी नाही, ओढा नाही. पाऊस वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पडतो, पण पाणी खडकातून खाली मुरते आणि पिण्यासाठी ते बोअरमधून उपसावे लागते. म्हणून अळू निव्वळ पावसावर. रान तोडून, खडकांच्या मधल्या मातीच्या खिशात पहारीने भोक पाडायचे आणि त्यात रोप रोवायचे. रोप म्हणजे काय, तर कंद काढताना वरचा तुरा देठांसकट कापून ठेवतात, तोच पुन्हा लावतात. एक-दोन पिके घेतली की जमीन कित्येक वर्षे पड टाकतात. पपई, अळूचा कंद आणि नारळाचे दूध एकत्र शिजवून केलेल्या पदार्थाला ते ताकिही म्हणतात. पाहुणे जोडपे ते चाखतेच.

नदी नसल्याचा एक फायदाही आहे. गाळ वाहून येत नाही, म्हणून पाणी इतके स्वच्छ, की नौकेवरून वाकून पाहिले तर खोलवरचा प्रवाळ दिसतो. जुलै ते ऑक्टोबरमध्ये देवमासे पिलांसह किनाऱ्याजवळ येतात. रविवारी मात्र प्रार्थना आणि विश्रांती. त्या दिवशी मासेमारीसुद्धा नाही.

फिरताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. चांगली बांधलेली, पण बंद पडलेली घरे. बेट २६० चौरस किलोमीटरचे, वस्ती सतराशेच्या आसपास. २०१८ च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये नियुएचे लोक तीस हजारांहून अधिक भरले! रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वाचकांना मुंबईच्या चाकरमान्यांची आठवण व्हावी अशी ही स्थिती. अळू लावायला हात कमी, ही तिथल्या शेतीची मोठी अडचण. त्यात जानेवारी २००४ मध्ये हेटा चक्रीवादळाच्या लाटा कडे ओलांडून वर आल्या आणि रुग्णालयसुद्धा गेले.

त्यामुळे जोडप्याचे एक लक्ष सदैव वाऱ्याकडे असते. वारा पूर्वेचा असेल तोवर बेटाचा आडोसा मिळतो. तो पश्चिमेकडे फिरला की लाटा थेट अलोफीवर येतात, मागे कडा आणि पुढे समुद्र. मग रात्र असो, पाऊस असो, जेवण अर्धे टाकून दोर सोडायचा आणि खोल पाण्यात जायचे. तिथे रात्रभर येरझारा घालायच्या. किनाऱ्यापेक्षा भर समुद्र बरा. होडी धक्क्यावर राहिली असेल तर ती वारा शमल्यावर आणायची.

वारा सरळ असला तर निघणे सोपे असते. शेवटची भाजी घेतात, कागद पुरे करतात आणि पश्चिमेला टोंगाच्या वावाऊ बेटांकडे शीड सोडतात. ही वाट दोन-तीन दिवसांची. मध्ये तारीख बदलण्याची रेषा लागते, म्हणून घड्याळ तेच राहते पण दिनदर्शिकेतला एक अख्खा दिवस गळतो. नियुएत घेतलेला अळू आणि पपई या वाटेवरच शिजवून संपवावी लागते, कारण वावाऊच्या धक्क्यावरही असाच एक अधिकारी पाटीत काय आहे ते विचारायला उभा असतो.