ताट पुढे असताना उपाशी

न जेवण्याला आपल्याकडे नावे पुष्कळ आहेत. देवासाठी जेवला नाही तर तो उपास, भांडून जेवला नाही तर रुसवा, तापाने तोंडाची चव गेली तर 'अन्नावरची वासना उडाली', आणि घरात दाणाच नसला तर उपासमार. पण घरात भाकरी आहे, आई वाढते आहे, ताप नाही, तंटा नाही, आणि तरी पंधरा वर्षांची मुलगी दिवसेंदिवस ताटावरून उठून जाते. याला आपल्या बोलीत शब्द नाही. मग 'नखरे आहेत', 'हट्ट आहे', 'कुणाची नजर लागली' असे म्हणत महिने निघून जातात.

वैद्यकात मात्र या दुखण्याला नाव मिळून दीडशे वर्षे झाली. १८७३ साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी त्याला 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' म्हटले; त्याच वर्षी पॅरिसच्या डॉक्टर लासेग यांनीही असेच रुग्ण वर्णिले. या शब्दाचा अर्थ भूक नसणे. नाव थोडे फसवे आहे, कारण भूक बहुधा असते, ती दाबून धरलेली असते. याचे भावंड म्हणजे बुलिमिया. त्यात माणूस चोरून, भराभर, पोट तडस लागेतो खातो आणि मग घशात बोटे घालून ओकून टाकतो. वजन बेताचेच राहते, म्हणून घरात पत्ता लागत नाही.

आता तुम्ही विचाराल, शहाणीसुरती मुलगी, तिला समजावून सांगितले तर पटू नये? याचे उत्तर एका प्रयोगात सापडते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे कळावे म्हणून अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी छत्तीस धडधाकट तरुण निवडले. ते आपखुशीने आले होते. १९४५ साली त्यांना चोवीस आठवडे जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवले: बटाटे, पाव, कोबी, सलगम असले जेवण. वजन पाव हिश्श्याने उतरले, ते अपेक्षितच होते. पण मनाचे जे झाले ते पाहण्यासारखे आहे. हे तरुण पाकशास्त्राची पुस्तके वाचत बसू लागले. घासाचे बारीक तुकडे करून तास तास जेवू लागले, ताटल्या चाटू लागले. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजे. चिडचिड वाढली, मित्र नकोसे झाले. यातल्या कुणालाही आधी हा आजार नव्हता. म्हणजे कारण काहीही असो, उपासमार एकदा मुरली की ती मनालाच धरून बसते. आणि मग ज्या मनाला आपण समजावू पाहतो ते मनच उपाशी असते.

म्हणूनच लवकर ओळखणे महत्त्वाचे, आणि येथे शिक्षकांचे डोळे आईच्याही आधी उपयोगी पडतात. डबा मैत्रिणींत वाटून टाकणे, 'घरून जेवून आले' असे शाळेत आणि 'शाळेत जेवले' असे घरी सांगणे, स्वतः न खाता दुसऱ्यांना आग्रहाने वाढणे, जेवण झाले की लगेच मोरीकडे जाणे, उकाड्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालणे, प्रार्थनेला उभे असता भोवळ येणे. आईने पाहावे ते हे: पाळी सुरू होऊन बंद पडली का, केस गळतात का, अंगावर बारीक लव आली का, हातपाय गार असतात का. वारंवार ओकणाऱ्याचे दात झिजतात आणि गाल सुजल्यासारखे दिसतात. मूळची अंगाने भरलेली मुलगी झपाट्याने उतरली तर तिचे कौतुक होते. तेथेच चूक होते. मुलेही यातून सुटत नाहीत. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणारे पहिलवान आपण पाहिलेच आहेत. सवय स्पर्धेनंतरही सुटली नाही तर सावध व्हावे.

व्रताचे काय? उपासाला पारणे असते. एकादशी सोडायला द्वादशी येते. जिच्या उपासाला पारणेच नाही, एक वार सरला की दुसरा धरते, तिथे लक्ष द्या. आणि एक सांगतो, आपल्याकडच्या मुली 'मला जाड व्हायचे नाही' असे म्हणतीलच असे नाही. 'पोट फुगते', 'घास उतरत नाही' एवढेच म्हणतात. म्हणून आधी क्षय, मधुमेह, पोटाचे विकार नाहीत ना हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावेच.

यात आईबापांचा दोष शोधू नये. काही भाग रक्तातून येतो, काही स्वभावातून, काही चिडवण्यातून. वर्गात 'ढोली' म्हणून हाक मारणे शिक्षकांनी तरी थांबवावे. उलट, उपचारात आईबापच कामाला येतात. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात बसवलेल्या पद्धतीत मुलीच्या जेवणाचा कारभार काही काळ आईबापांनी हाती घ्यायचा असतो: न रागावता, न विनवण्या करता, शेजारी बसून, ताट संपेपर्यंत.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. १४४१६ हा सरकारी 'टेली मानस'चा क्रमांक आहे. तेथे फुकट आणि मराठीतही बोलता येते. पण मुलगी फार खंगली असेल, भोवळ येत असेल, नाडी मंद लागत असेल, तर आधी दवाखाना गाठा. अशा वेळी घरीच तूप, शिरा, गोडधोड भरवू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेले की रक्तातले क्षार झपाट्याने उतरतात आणि हृदय बंद पडू शकते. पहिले घास किती आणि कसे द्यायचे, ते डॉक्टरांनी ठरवायचे.