रुग्णशय्येपाशी शिकविणाऱ्यांचे शिक्षण

प्राथमिक शाळेत मुळाक्षरे शिकवावयाची असली तरी आपल्याकडे अध्यापनाची पदविका लागते. माध्यमिक शाळेत भूमिती शिकविणाऱ्यास बी.एड्. व्हावे लागते. विषय येतो म्हणून तो शिकविताही येतो असे नाही, हे तत्त्व शालेय शिक्षणापुरते समाजाने केव्हाच मान्य केले आहे. परंतु शिक्षणाच्या पायऱ्या जसजशा वर जातात, तसतसा या तत्त्वाचा विसर पडू लागतो. आम्हा महाविद्यालयीन अध्यापकांना विषयाची पदव्युत्तर पदवी आणि पात्रता परीक्षा एवढ्या शिदोरीवर वर्गात उभे केले जाते. १९८७ पासून सुरू झालेले काही आठवड्यांचे उद्बोधन वर्ग होतात तेही नोकरी लागल्यानंतर. आणि जेथे अध्यापनातील उणिवेची किंमत गुणपत्रिकेत नव्हे, तर माणसाच्या देहावर मोजावी लागते, त्या रुग्णालयात तर उत्तम डॉक्टर हा आपोआपच उत्तम शिक्षक असतो, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरीत आलो आहोत. या गृहीतकाची तपासणी करण्याची वेळ आता आली आहे.

हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. १९१० साली अमेरिका व कॅनडा येथील १५५ वैद्यकीय विद्यालयांची पाहणी करून ज्याने तेथील वैद्यकीय शिक्षणाला नवे वळण दिले, तो अब्राहम फ्लेक्सनर डॉक्टर नव्हता. तो शाळा चालविणारा शिक्षक होता. वैद्यकाच्या अध्यापनासंबंधी बोलण्याचा अधिकार शिक्षकाला, करदात्याला आणि मुख्यतः रुग्णाला आहेच.

वर्ग आणि वॉर्ड

वैद्यकाचे खरे शिक्षण व्याख्यानगृहात नव्हे, तर रुग्णाच्या खाटेपाशी होते, ही गोष्ट नवी नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम ऑस्लरने गेल्या शतकाच्याही आधी विद्यार्थ्यांना बाकांवरून उठवून वॉर्डात नेले, आणि आपल्या साऱ्या कामात हेच काम त्याला सर्वाधिक मोलाचे वाटे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय काढले, तेव्हा तेथेही शिकाऊ परिचारिकांची घडण वॉर्डातील सिस्टरच्या हाताखालीच होत असे.

तथापि वॉर्डातले अध्यापन वर्गातल्या अध्यापनाहून मुळातच निराळे आहे. आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक मागणीचा नियम शिकवितो तेव्हा काय शिकवावयाचे, कोणत्या क्रमाने आणि किती वेळात, हे आमच्या हाती असते. वॉर्डात यातले काहीच शिक्षकाच्या हाती नसते. त्या दिवशी कोणता रुग्ण येईल ते ठाऊक नसते. एकाच वेळी रुग्णाची प्रकृती सांभाळावयाची, विद्यार्थ्याची चूक वेळीच अडवावयाची, ती अडविताना रुग्णाचा विश्वास ढळू द्यावयाचा नाही आणि विद्यार्थ्याचा धीरही खचू द्यावयाचा नाही, असे हे काम आहे. शिवाय बाहेर बाह्यरुग्ण विभागाची रांग वाढतच असते.

हे काम शिकता येते काय? अनुभव असा की येते. १९९२ साली काही अमेरिकी कुटुंबवैद्यांनी मोजक्या मिनिटांत शिकविण्याची एक साधी रीत मांडली. आधी विद्यार्थ्याला त्याचे निदान सांगावयास लावावे. ते कशावरून, हे विचारावे. एखादे सर्वसाधारण सूत्र सांगावे. जे बरोबर केले ते नेमके दाखवून द्यावे. आणि मग चूक दुरुस्त करावी. वाचावयास सोपी अशी ही रीत प्रत्यक्षात आणणे कठीण असते, कारण जाणत्या डॉक्टरची सहजप्रवृत्ती पहिल्याच वाक्याला निदान सांगून पुढच्या खाटेकडे वळण्याची असते. त्याला उत्तर ठाऊक असते, आणि नेमके तेच अध्यापनाच्या आड येते. वर्षानुवर्षांच्या सरावाने हाताच्या व नजरेच्या अंगवळणी पडलेले ज्ञान पायरीपायरीने उलगडून दाखविणे, हे स्वतंत्र कौशल्य आहे.

परीक्षेचेही तसेच. बफेलो व पुढे इलिनॉय येथे वैद्यकीय अध्यापकांच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्या जॉर्ज मिलर यांनी १९९० साली एक उतरंड मांडली. ठाऊक असणे, कसे करावे हे ठाऊक असणे, करून दाखविणे आणि प्रत्यक्ष व्यवहारात करणे, अशा तिच्या चार पायऱ्या आहेत. आपल्या लेखी परीक्षा बहुधा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात. रुग्णाचा संबंध मात्र चौथीशी येतो. ती पायरी तपासावयाची तर विद्यार्थी रुग्णाशी बोलत असताना, त्याला तपासत असताना कोणीतरी शेजारी उभे राहून पाहिले पाहिजे, आणि काय पाहावयाचे हे त्या पाहणाऱ्याला कळत असले पाहिजे.

तीन दिवसांची तयारी

आपल्याकडे याची जाणीवच नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाँडिचेरीच्या 'जिपमेर' संस्थेत १९७० च्या दशकातच वैद्यकीय अध्यापकांच्या प्रशिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र निघाले. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात व के.ई.एम. रुग्णालयात अमेरिकेतील 'फेमर' प्रतिष्ठानाच्या सहकार्याने दोन वर्षांचा पाठ्यवृत्तीचा अभ्यासक्रम चालत आला आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आरोग्य-व्यवसाय शिक्षणाची पदव्युत्तर पदवीही सुरू केली. भारतीय वैद्यक परिषदेने २००९ पासून विभागीय केंद्रांमार्फत अध्यापकांसाठी पायाभूत कार्यशाळा सुरू केल्या, आणि पुढे बढतीसाठी हा अभ्यासक्रम पूर्ण केल्याची अटही आली. २०२० साली परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. धोरण तेच राहिले.

परंतु ही पायाभूत कार्यशाळा आहे तीन दिवसांची. त्यापुढचा प्रगत अभ्यासक्रम वा पदव्युत्तर पदवी मोजक्यांच्याच वाट्याला येते. दुसरीकडे, अध्यापकांकडून असलेली अपेक्षा मात्र फार मोठी झाली आहे. २०१९ पासून एम.बी.बी.एस.साठी जो अभ्यासक्रम लागू झाला, तो विद्यार्थ्याला काय ठाऊक आहे यापेक्षा काय करता येते यावर उभारलेला आहे. त्यात रुग्णाशी संवाद, नीती आणि वृत्ती यांनाही स्थान आहे. ते योग्यच आहे. पण अभ्यासक्रम बदलला म्हणून शिकविणारा आपोआप बदलत नाही. ज्याला स्वतःला हे कधी कोणी शिकविले नाही, त्याने ते तीन दिवसांच्या पुंजीवर शिकवावे, असा हा व्यवहार आहे.

त्यातच विस्ताराचा वेग पाहावा. २०१४ साली देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये व सुमारे ५१ हजार एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या. दहा वर्षांत महाविद्यालये ७८० व जागा सुमारे १ लाख १८ हजार झाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकट्या महाराष्ट्रात गडचिरोली, वाशिम, हिंगोली, जालना अशा ठिकाणी मिळून दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. मागास जिल्ह्यांत महाविद्यालये निघावीत, याबद्दल दुमत नाही. पण इमारत दोन वर्षांत उभी राहते, शिक्षक राहत नाही. अध्यापकांची टंचाई भासू लागली तेव्हा २०२५ च्या नियमांनी, मोठ्या शासकीय रुग्णालयांत काम केलेल्या विशेषज्ञांना पूर्वीच्या अध्यापकपदाच्या अनुभवाविनाही प्राध्यापकवर्गात येण्याची वाट खुली केली. ही मंडळी कुशल व अनुभवी असतील यात शंका नाही. तथापि ज्यांनी आयुष्यभर रुग्ण तपासले पण शिकविले नाही, अशांना अध्यापक करताना त्यांच्या अध्यापन-शिक्षणाची गरज कमी होते की वाढते, याचे उत्तर उघड आहे.

जे मोजले जात नाही

येथे अर्थशास्त्राचा एक विचार उपयोगी पडेल. एकाच माणसावर अनेक कामे सोपविली आणि त्यांतील एकाच कामाचे मोजमाप करून त्यावर मोबदला ठरविला, तर बाकीची कामे मागे पडतात, हे बेंग्ट होल्मस्ट्रॉम व पॉल मिलग्रोम यांनी १९९१ साली सिद्धान्तरूपाने मांडले. अध्यापक-रुग्णालयातील डॉक्टर रुग्णसेवा करतो, संशोधन करतो आणि शिकवितो. रुग्णसेवेचा हिशेब बाह्यरुग्णांच्या व शस्त्रक्रियांच्या संख्येने होतो. संशोधनाचा हिशेब प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या संख्येने होतो, आणि बढतीच्या वेळी ते मोजले जातात. खाटेपाशी अर्धा तास उभे राहून विद्यार्थ्याला हृदयाचे ठोके ऐकावयास शिकविणाऱ्याची नोंद मात्र कोणत्याच तक्त्यात होत नाही. अशा स्थितीत जो डॉक्टर तरीही मन लावून शिकवितो, तो स्वतःच्या पदरची किंमत मोजून शिकवितो. सज्जनांच्या त्यागावर एखादी संस्था काही काळ चालेल. सातशे ऐंशी संस्था चालणार नाहीत.

दुसरा प्रश्न खर्चाचा. गॅरी बेकर यांनी १९६४ मधील मानवी भांडवलावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च मालक सहसा उचलत नाही, कारण प्रशिक्षित माणूस दुसरीकडे निघून जाऊ शकतो. अध्यापनकौशल्य हे असेच आहे. एखाद्या खाजगी महाविद्यालयाने आपल्या अध्यापकाला दोन वर्षे सवलत देऊन पदव्युत्तर पदवी घेऊ दिली, तर तिचा लाभ शेजारचे महाविद्यालय घेईल. डॉक्टरने स्वतः खर्च करावा, तर या पदवीने त्याच्या व्यवसायाची प्राप्ती वाढत नाही. लाभ होतो तो पुढे येणाऱ्या अनोळखी रुग्णांना. ज्या गुंतवणुकीचे फळ सर्वांचे आणि खर्च एकट्याचा, ती बाजारावर सोडली की अपुरीच होते. म्हणून हा भार सार्वजनिक निधीवर येणे क्रमप्राप्त आहे. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकातच शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांसाठी निराळी वाढीव रक्कम धरण्याची पद्धत सुरू झाली. अमेरिकेत निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा भार मुख्यतः 'मेडिकेअर' या सरकारी योजनेवर पडतो. आपल्या रुग्णालयांच्या अंदाजपत्रकांतही अध्यापनाचा वेळ आणि अध्यापकांचे शिक्षण यांसाठी वेगळे शीर्ष असावयास हवे.

नोंद नसलेले देणे

या सर्व हिशेबात एक देणेकरी आहे आणि एक धनकोही आहे. धनको आहे तो सार्वजनिक रुग्णालयाच्या जनरल वॉर्डातील गरीब रुग्ण. आपल्याकडील डॉक्टर बहुतांशी त्याच्या देहावर शिकून तयार झाले. त्याच पोटावर आठ विद्यार्थी पाळीपाळीने हात ठेवतात. त्याच्या डोक्यावरून इंग्रजीत चर्चा चालते आणि तीतील 'कॅन्सर' एवढा एकच शब्द त्याला कळतो. शिकलेला शिक्षक याच प्रसंगी निराळा वागतो. तो रुग्णाला आधी विचारतो, विद्यार्थ्यांची ओळख करून देतो, काय बोलणे झाले ते शेवटी मराठीत समजावून सांगतो; आणि त्याचे पाहून आठ विद्यार्थी औषधयोजनेबरोबर माणुसकीही शिकतात. उद्धटपणाही असाच पाहून शिकला जातो.

देणेकरी आपण सर्व आहोत. इंटर्नशिप संपवून एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेसाठी दूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलेला तरुण डॉक्टर मध्यरात्री अडलेल्या बाळंतिणीसमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या शेजारी प्राध्यापक नसतात. असते ते फक्त त्यांनी शिकविलेले, किंवा शिकवावयाचे राहून गेलेले.

काय करता येईल?

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, पूर्वीच्या थोर अध्यापकांनी कोठे पदव्या घेतल्या होत्या? खरे आहे. पण थोर अध्यापक हे प्रतिभेचे फळ असते आणि प्रतिभा आज्ञेने निपजत नाही. महाविद्यालये थोडी होती तेव्हा तरुण अध्यापक अशा थोरांच्या हाताखाली वर्षानुवर्षे राहून तयार होत. आज नव्या महाविद्यालयात वरिष्ठांच्याच जागा रिकाम्या असतील, तर त्याने कोणाचे पाहून शिकावे? दुसरा आक्षेप असा की, ही आणखी एक कागदी पदवी ठरेल. ही भीती रास्त आहे. आपल्या देशात कोणत्याही सुधारणेचे प्रमाणपत्रात रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. म्हणूनच पदवी कशी द्यावयाची याला महत्त्व आहे.

प्रत्येक डॉक्टरने ही पदवी घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. सर्व अध्यापकांसाठी पायाभूत अभ्यासक्रम असावा, पण तो एकदा उरकून न टाकता काही वर्षांनी पुन्हा व्हावा. प्रत्येक महाविद्यालयात निदान काही अध्यापक पदव्युत्तर प्रशिक्षण घेतलेले असावेत आणि त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना तयार करावे. हे शिक्षण नोकरीत राहूनच, काही दिवस एकत्र आणि उरलेला काळ स्वतःच्या वॉर्डात प्रकल्प करीत घेता येते, हे मुंबईतील पाठ्यवृत्तीने दाखविले आहे. परीक्षा लेखी नसावी. उमेदवार खाटेपाशी शिकवीत असताना परीक्षकांनी पाहावे, विद्यार्थ्यांना विचारावे, आणि रुग्णालाही विचारावे. बढतीच्या वेळी शोधनिबंधांइतकेच वजन या कामाला मिळावे. आणि परिचारिका व भौतिकोपचारतज्ज्ञ यांना यातून वगळू नये. वॉर्डातील सिस्टर शिकाऊ परिचारिकेला रोज जे शिकविते, त्याला ना वेळ दिलेला असतो ना मान.

पंचाहत्तर हजार नव्या जागा पाच वर्षांत निर्माण करण्याची घोषणा केंद्र सरकारने २०२५ च्या अंदाजपत्रकात केली. जागांची संख्या घोषणेने वाढविता येते. त्या जागांवर बसणाऱ्या विद्यार्थ्यांना कोण आणि कसे शिकविणार, हा प्रश्न त्याच अंदाजपत्रकात, त्याच गांभीर्याने विचारला गेला पाहिजे. तसे झाले नाही तर आपल्याला डॉक्टर पुष्कळ मिळतील. पण त्यांच्यापुढे निर्धास्तपणे हात पुढे करावा असे किती मिळतील, हे सांगणे कठीण आहे.