दप्तर हलवताना

(द्वितीय वर्ष, कला)

बिऱ्हाड हलवणे किती जिकिरीचे असते, हे भाड्याच्या घरात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. एखादे पातेले सापडत नाही, आरशाला तडा जातो. पण पातेले बाजारात पुन्हा मिळते. दप्तर हलवताना गळालेले नाव मात्र कोणत्याही बाजारात मिळत नाही.

बँक, कारखाना, रेल्वे, सरकारी कचेरी, प्रत्येक मोठ्या संस्थेचा कारभार आज संगणकप्रणालीवर चालतो. ही प्रणालीही म्हातारी होते. तिला चालवणारी यंत्रे मिळेनाशी होतात, ती लिहिणारी माणसे निवृत्त होतात, नवे कायदे तिच्यात बसत नाहीत. मग सारे दप्तर नव्या प्रणालीत न्यावे लागते. ते कोणत्या मार्गाने न्यावे, हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्याला कशाला हवा, असे कोणी विचारील. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरचा सातबारा याच वाटेने गेलेला आहे.

ढोबळमानाने मार्ग चार आहेत. पहिला, जुन्या प्रणालीला हात न लावता तिच्यावर नवे आवरण चढवणे. हा स्वस्त खरा, पण आतले दुखणे तसेच राहते. दुसरा, एका रात्रीत जुने बंद करून नवे सुरू करणे. तिसरा, एकेक विभाग टप्प्याटप्प्याने नेणे. चौथा, काही काळ जुने व नवे जोडीने चालवून दोहोंचे निकाल ताडून पाहणे. यात काम दुप्पट होते आणि कर्मचारी मेटाकुटीला येतात.

दुसऱ्या मार्गाचा मोह मोठा असतो, कारण तो लवकर संपतो. इंग्लंडमधील टीएसबी या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी सुमारे ५० लाख ग्राहकांचे दप्तर नव्या प्रणालीत हलवले. सोमवारी लाखो लोकांना आपलेच खाते उघडेना. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला आणि २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला.

आपल्या रेल्वेने तिसरा मार्ग धरला. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच आरक्षण केंद्रांचे संगणक पूर्वी स्वतंत्र होते. त्यांना जोडणारी नवी प्रणाली १९९४ मध्ये प्रथम सिकंदराबादला सुरू झाली, आणि पाचही केंद्रे एकमेकांना जोडली जायला १९९९ साल उजाडले. असा उशीर झाला तरी एक लाभ असतो. पहिल्या ठिकाणी उमगलेली चूक दुसऱ्या ठिकाणी टाळता येते.

आता सातबाराकडे वळू. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमीन कोणाची व किती हे असते, बारामध्ये पिकांची नोंद असते. वारस लागले किंवा जमीन विकली की आधी फेरफाराच्या वहीत नोंद होते आणि मग सातबारा बदलतो. राज्यात असे सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. ते आधी तालुक्यातालुक्याच्या संगणकांवर भरले गेले आणि पुढे ई-फेरफार या राज्यव्यापी प्रणालीत आणले गेले. म्हणजे दप्तर दोनदा हलले, एकदा वहीतून संगणकात आणि एकदा जुन्या संगणकप्रणालीतून नव्या प्रणालीत. प्रत्येक खेपेला चुकीला वाव होता. वहीतले अक्षर पुसट, भरणारा घाईत; शिवाय जुन्या संगणकांत मराठी अक्षरे निरनिराळ्या फॉन्टांच्या संकेतांत साठवलेली असत, ती बदलताना काना-मात्रा इकडच्या तिकडे होण्याची भीती.

यांतील काही चुका संगणक स्वतः पकडतो. गटाचे क्षेत्र २ हेक्टर ४० आर आणि खातेदारांच्या हिश्श्यांची बेरीज २ हेक्टर १० आर आली, तर तो लगेच बोट ठेवतो. पण एक नाव गळून त्याचा हिस्सा दुसऱ्याच्या नावावर चढला, तर बेरीज बिनचूक येते! अशी चूक ओळखणारा जगात एकच असतो, ज्याचे नाव गळाले तो.

म्हणूनच २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर झालेले चावडी वाचन मला मोलाचे वाटते. संगणकातले सातबारे गावासमोर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि हरकती घ्यायच्या, अशी ती मोहीम होती. मी तेव्हा लहान होते. आजीचा हात धरून चावडीत गेले होते. आजीला अक्षरओळख नाही. आमचा गट आला, वडिलांचे नाव झाले, चुलत्यांचे झाले आणि वाचणारा पुढच्या गटाकडे वळला. आजी बसल्या जागेवरून म्हणाली, "आन् माजं नाव रं?" जुनी वही काढली. आजोबांच्या मागे लागलेल्या वारसांत तिचे नाव स्वच्छ अक्षरांत होते. संगणकात मात्र ते उतरलेच नव्हते. पुढे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशाने ते लागले. हे कलम अशा लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठीच आहे.

समजा, त्या दिवशी उतारा नुसता भिंतीवर चिकटवला असता, तर आजीला काय कळले असते? आणि संगणक आला म्हणून जुनी वही आधीच मोडीत काढली असती, तर ती काय दाखवणार होती?

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. सोय मोठी झाली, यात वाद नाही. पण ज्यावर स्वाक्षरी उमटते तो मजकूर आधी तपासलेला असला, तरच त्या सोयीला अर्थ आहे.

तेव्हा मार्ग निवडताना खर्च आणि मुदत यांच्या जोडीला तीन गोष्टी विचाराव्यात, असे मला वाटते. कामाचे सुटे भाग पडतात का? सातबाराचे गावागावांनी पडतात, म्हणून तेथे टप्पे शोभतात. चूक निघाली तर मागे फिरायला वाट आहे का? नसेल, तर जुने दप्तर इतक्यात बंद करू नये. आणि तिसरी गोष्ट, ज्याचे दप्तर आहे त्याला ते त्याला समजेल अशा रीतीने दाखवले आहे का? पहिल्या दोहोंची उत्तरे तज्ज्ञ देतील. तिसऱ्याचे उत्तर मिळवायला चावडीतच जाऊन बसावे लागते.